चाखणार कोण?

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिंडत होता. १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने गोव्याकडील नेरूल गावच्या अर्काची वाखाणणी केली आहे. याच अर्कापासून येथले इंग्रज एक पेय तयार करतात, त्यात पाच जिन्नस पडतात आणि म्हणून त्याला 'पंच' म्हणतात, असे त्याने नोंदवून ठेवले. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे ते पाच, असे पुढे रूढ झाले. ही व्युत्पत्ती सर्वच भाषापंडितांना मान्य नाही. काहींच्या मते हा शब्द मद्याच्या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला. आम्हांला मात्र फ्रायरची बाजू घेण्याचा मोह आवरत नाही. ते कसेही असो; आज जगभर ज्याला 'कॉकटेल' म्हणतात त्या मिश्रणाच्या वंशावळीत 'पंच' हा एक वडीलधारा पूर्वज आहे, आणि त्याचे एक मूळ आपल्या अंगणात रुजले होते, एवढे निश्चित.

मद्याविषयीचा लेख कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही येथे पिण्याची शिफारस करीत नाही. कॉकटेल बनवण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता सरस की माणूस, असा एक वाद अलीकडे ऐकू येतो. वरवर पाहता तो थिल्लर आहे. परंतु आपल्या गोव्यातील, मुंबईतील, वसईतील कितीतरी घरांची चूल बोटीवरच्या आणि हॉटेलातल्या नोकरीवर पेटली आहे, आणि त्या नोकरीत पेले भरणारे हातही आहेत. त्या हातांत नेमके कोणते ज्ञान असते आणि ते यंत्राच्या हवाली करता येते काय, हा प्रश्न थिल्लर नव्हे. इतिहासात तो याआधीही दोन-तीन वेळा, निराळ्या वेषात, उभा राहिलेला आहे.

कॉकटेल म्हणजे काय, असे एका वाचकाने न्यूयॉर्क राज्यातील हडसन या गावच्या वृत्तपत्राला विचारले. १३ मे १८०६ च्या अंकात संपादकाने उत्तर दिले : मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण. चार जिन्नस, एक वाक्य. प्रमाण मात्र त्यात नाही. ते दुकानदाराच्या हातात होते, आणि उमेदवारी करणारा पोऱ्या उस्तादाकडे बघून ते शिकत असे. १८६२ मध्ये जेरी थॉमस नावाच्या न्यूयॉर्कच्या बारटेंडरने हे हातातले ज्ञान प्रथम पुस्तकात उतरवले. अमेरिकेत छापलेले या विषयावरचे पहिले पुस्तक ते हेच, असे मानले जाते. थॉमस हा कसबी माणूस. पेटलेली व्हिस्की एका धातूच्या पेल्यातून दुसऱ्या पेल्यात तो अशी ओती की, दोन हातांमध्ये निळ्या ज्वाळेची धार दिसे. या पेयाची कृतीही त्याने छापली. पण कृती वाचून ज्याने प्रथम हात भाजून घेतला असेल, त्याला कागद आणि मनगट यांतला फरक कोणी सांगावा लागला नसेल.

हा फरक केवळ नाटकी पेयांपुरता नाही. लिंबाचेच उदाहरण घ्या. एकाच झाडाची दोन लिंबे सारखी आंबट नसतात. उन्हाळ्यातले लिंबू आणि पावसाळ्यातले लिंबू ही तर दोन निराळी फळे म्हणावीत. पुस्तक म्हणते, 'अर्धे लिंबू'. कोणते अर्धे? दुसरे उदाहरण बर्फाचे. शेकरमध्ये बर्फ घालून मिश्रण हलवले की ते थंड होते, आणि त्याच वेळी बर्फ वितळून त्यात पाणी मिसळते. हे पाणी कृतीत लिहिलेले नसते, तरी पेयाचा तो मोठा हिस्सा असतो. बर्फाचे खडे लहान असतील तर पाणी लवकर सुटते. केव्हा थांबायचे हे कसलेला माणूस खड्यांच्या आवाजावरून आणि तळहाताला लागणाऱ्या गारव्यावरून ओळखतो. आपल्या घरातल्या बाया सोलकढीत मीठ घालतात ते कोणत्या पुस्तकात पाहून? थेंबभर तळहातावर घ्यायचे, चाखायचे, मान हलवायची.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील अमेरिकन बारमध्ये १९०३ पासून वीसहून अधिक वर्षे एडा कोलमन या बाईंचा अंमल होता. चार्ल्स हॉट्री हा नट कामाने थकून त्यांच्याकडे येई. त्याला तरतरी येईल असे काहीतरी नवे हवे होते. कोलमनबाईंनी कित्येक प्रयोग करून जिन, गोड व्हर्मूथ आणि फर्ने-ब्रांका हा इटालियन कडू अर्क यांचे एक मिश्रण सिद्ध केले. हॉट्रीने घोट घेतला आणि जो उद्गार काढला तोच त्या पेयाला चिकटला : 'हँकी पँकी'. त्यांच्यानंतर त्या जागी हॅरी क्रॅडॉक आला. त्याने १९३० मध्ये साडेसातशेच्या आसपास कृतींचा ग्रंथ काढला आणि त्यात हे पेयही घातले. आज जगाला ग्रंथकार क्रॅडॉक ठाऊक आहे; कोलमनबाईंचे नाव जाणकारच घेतात. लिहिणाऱ्याचे नाव उरते आणि चाखणाऱ्याचे पुसट होते, हे या व्यवसायात यंत्र येण्यापूर्वीच सुरू झाले होते.

सगळेच काही इतके उदार नव्हते. त्याच दशकात कॅलिफोर्नियात हॉलिवूड येथे डॉन बीच याने दक्षिण समुद्राच्या थाटाचे मद्यगृह उघडले. आपल्या कृती चोरीला जाऊ नयेत म्हणून त्याने बाटल्यांवरची नावे काढून सांकेतिक नावे घातली. 'झोंबी' या त्याच्या गाजलेल्या पेयात 'डॉनचे मिश्रण' इतके इतके घाला, असे त्याच्या माणसांना ठाऊक असे. त्या मिश्रणात काय आहे हे ठाऊक नसे. या माणसांत पुष्कळसे फिलिपिनो होते. परिणाम असा की, डॉननंतर खरा झोंबी कोणालाच करता येईना आणि त्या नावावर भलतेच काही विकले जाऊ लागले. जेफ बेरी या अभ्यासकाने डॉनच्या एका जुन्या सेवकाच्या टिपणवहीवरून वर्षानुवर्षे माग काढला आणि २००७ मध्ये मूळ कृती प्रसिद्ध केली. 'डॉनचे मिश्रण' म्हणजे ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक, एवढेच निघाले! दोन साध्या वस्तूंसाठी केवढा खटाटोप. गुपित राखल्याने कसब टिकते असे नाही. कधीकधी तेच त्याला पुरते.

मात्र एक गुपित चार शतके टिकले आहे आणि ते आपल्याच ख्रिस्तसभेतील एका मठाचे आहे. संत ब्रुनो यांनी १०८४ मध्ये फ्रान्समधील आल्प्सच्या दऱ्यांत कार्थुझियन मठाची स्थापना केली. मौन आणि एकांत हे या मठवासीयांचे व्रत. १६०५ मध्ये सेनानी देस्त्रे याने त्यांच्या पॅरिसजवळील मठाला एक हस्तलिखित दिले. त्यात एका दीर्घायुषी अर्काची कृती होती. ती इतकी गुंतागुंतीची होती की, औषधी अर्क प्रत्यक्ष सिद्ध व्हायला १७३७ साल उजाडले. त्यातूनच १७६४ मध्ये हिरवी 'शार्त्रझ' जन्मली. तीत १३० वनस्पती पडतात. कोणत्या, किती आणि कोणत्या क्रमाने, हे एका वेळी दोन-तीन मठवासीयांनाच ठाऊक असते.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ उधळला गेला आणि हस्तलिखित फिरत फिरत ग्रनोब्लच्या एका औषधविक्रेत्याच्या हाती आले. १८१० मध्ये नेपोलियनच्या सरकारने सर्व गुप्त औषधांच्या कृती तपासणीसाठी मागवल्या. ही कृतीही पॅरिसला गेली आणि 'नामंजूर' असा शेरा घेऊन परत आली. म्हणजे सरकारच्या मेजावर कागद उघडा पडला होता आणि त्यात काय आहे ते कोणाला कळले नाही. पुढे १९०३ मध्ये सरकारने मठवासीयांना देशाबाहेर घालवले, त्यांची भट्टी जप्त केली आणि नावासकट विकली. घेणाऱ्या कंपनीकडे इमारत होती, भांडी होती, बाटलीवरचे नाव होते. तिने नक्कल केली. मठवासीयांनी स्पेनमध्ये तारागोना येथे नवी भट्टी लावली. नाव कोणाचे हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९११ मध्ये तेथे निकाल मठवासीयांच्या बाजूने लागला. नक्कल करणारी कंपनी १९२९ मध्ये दिवाळखोर झाली. मठाच्या हितचिंतकांनी तिचे समभाग विकत घेऊन मठवासीयांना भेट दिले. भट्टी मिळाली म्हणून कसब मिळत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो.

या शार्त्रझमुळेच कॉकटेलच्या इतिहासातील एक मनोरम घटना घडली. डेट्रॉइटच्या अ‍ॅथलेटिक क्लबात १९१६ च्या सुमारास 'लास्ट वर्ड' नावाचे पेय मिळत असे. जिन, हिरवी शार्त्रझ, माराश्चिनो आणि लिंबूरस, चारही समभाग. १९५१ मध्ये ते एका पुस्तकात छापले गेले आणि तेथेच पडून राहिले. अर्धशतक लोटल्यावर सिअ‍ॅटलचा बारटेंडर मरे स्टेन्सन याच्या दृष्टीस ती कृती पडली. त्याने ती करून पाहिली आणि गिऱ्हाइकांना दिली. थोड्याच वर्षांत ते पेय जगभर गेले. तेच पुस्तक, तीच अक्षरे. मधल्या काळात त्यांना जीभ भेटली नव्हती.

आता यंत्राकडे वळू. यंत्राने प्रथम हाताचे काम उचलले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील कार्लो रात्ती यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये पेये मिसळणारे यंत्रबाहू लोकांपुढे मांडले. पुढच्याच वर्षी 'क्वांटम ऑफ द सीज' या प्रचंड प्रवासी जहाजावर असे दोन बाहू बसवले गेले. प्रवाशाने पडद्यावर बोट ठेवावे, बाहूने डोक्यावर टांगलेल्या बाटल्यांतून मोजून घ्यावे, हलवावे, ओतावे. मोजमापात यंत्र चुकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. तेराव्या तासालाही त्याचा हात थरथरत नाही.

त्यानंतर डोक्याचे काम. आयबीएम कंपनीच्या 'वॉटसन' या संगणकाने हजारो कृती वाचल्या, पदार्थांतील गंधद्रव्यांची रासायनिक माहिती पचवली आणि नव्या जोड्या सुचवल्या; २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या पाककला संस्थेतील बल्लवाचार्यांसह त्याचे पुस्तकही निघाले. त्यामागे एक गृहीत होते : ज्या दोन पदार्थांत समान गंधद्रव्ये असतात ते एकत्र छान लागतात. त्याच वर्षी जोधपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी तरला दलाल यांच्या अडीच हजारांहून अधिक भारतीय कृती संगणकाला घातल्या. निष्कर्ष उलटा निघाला. आपल्या स्वयंपाकात परस्परांशी न जुळणारे जिन्नस एकत्र येतात आणि ते घडवून आणण्यात मसाल्यांचा वाटा मोठा असतो. पाश्चात्त्य पुस्तके वाचून शहाणे झालेले यंत्र आपल्या फोडणीपुढे गोंधळले असते, हे वाचून आम्हांला किंचित आनंद झाला, हे लपवीत नाही.

२०१९ मध्ये स्वीडनमधील मॅकमिरा या व्हिस्की कारखान्याने संगणकाकडून मिश्रणाच्या सात कोटींहून अधिक शक्यता काढून घेतल्या. त्यांतून एक निवडली अँजेला दोराझिओ यांनी, त्या कारखान्याच्या मुख्य मिश्रणकार बाईंनी. माणसाच्या आयुष्यात सात कोटी मिश्रणे सुचणार नाहीत हे खरे. सात कोटींतील एकही मिश्रण संगणकाने चाखले नव्हते, हेही तितकेच खरे. २०२३ मध्ये न्यूझीलंडमधील एका किराणा दुकानसाखळीच्या यंत्राला कोणी मुद्दाम घरातील सफाईची द्रव्ये जिन्नस म्हणून दिली. यंत्राने त्यांतून विषारी वायू निघेल असे 'पेय' तयार करून दिले आणि वर ते तहान भागवील अशी ग्वाहीही दिली! खोडी माणसाची होती. पण ज्याला नाक आहे त्याने ते भांडे दूर सारले असते.

त्याच वर्षी आणखी एक बातमी आली. मठवासीयांनी शार्त्रझचे उत्पादन वाढवायचे नाही असे ठरवले आहे. प्रार्थना आणि एकांत यांस वेळ पुरला पाहिजे, हे त्यांचे कारण. मागणी चढती असताना! मद्यगृहांतून हिरव्या बाटल्या मिळेनाशा झाल्या आणि पर्याय शोधणे सुरू झाले. असे पर्याय आज यंत्राला विचारले तर क्षणात यादी मिळते. ती यादी कोणीतरी एकेक घोट घेऊन तपासावी लागते.

आम्हांला काळजी वाटते ती या 'कोणीतरी'ची. दोराझिओबाई सात कोटींतून एक निवडू शकल्या, कारण त्यांच्या जिभेने अनेक वर्षे उमेदवारी केली होती. जहाजावर लागलेला आपल्याकडचा मुलगा आरंभी लिंबे कापतो, रस गाळतो, बर्फ फोडतो, उस्तादाच्या मापाकडे बघतो आणि उरलेला चमचाभर चाखतो. मालकाच्या हिशेबात हेच काम सर्वांत स्वस्त आणि म्हणून यंत्राकडे प्रथम जाणारे आहे. ते गेल्यावर त्या जहाजावर पुढचा उस्ताद कोठून येणार, याची तजवीज कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. यंत्रबाहूच्या डोक्यावरच्या बाटल्या रिकाम्या झाल्या की त्या बदलायला मात्र अजून माणूसच लागतो.