मालसर ते लोणावळा : साधना व दर्शन यांची सांगड

योगासने ही केवळ शरीराची कसरत आहे, की तिच्यापाठोपाठ तिचे दर्शनही घरात येते, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतून वारंवार विचारला जातो. धर्मशिक्षकाने घाईने होय वा नाही म्हणण्यापूर्वी, हे दोन्ही धागे ज्याने आयुष्यभर एकत्र धरले त्या स्वामी कुवलयानंदांचे चरित्र पाहावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ साली बडोदे संस्थानातील डभोई येथे. संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून ते बडोदा कॉलेजात गेले. त्याच नगरीत प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात शरीर घडले, आणि पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगदीक्षा मिळाली. ग्रंथ, आखाडा व गुरू असे तीन प्रवाह एकाच मनुष्यात मिळाले. बडोद्याच्याच रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वायूचा दाब उतरतो, असे त्यांना आढळले, आणि त्या अंशनिर्वाताला त्यांनी गुरूचे नाव दिले. प्रयोगशाळेतील निष्कर्षास गुरुनाम जोडणारा संशोधक विरळाच!

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. तेथे शरीरक्रियांच्या शोधाबरोबर पोथ्यांचेही संशोधन चालले. स्वामी १९६६ साली निवर्तले. १९७० साली स्वामी दिगंबरजी व पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली ‘हठप्रदीपिका’ संस्थेने प्रसिद्ध केली. हठयोग ही राजयोगाकडे चढण्याची शिडी आहे, असे तो ग्रंथ प्रारंभीच सांगतो.

आता ‘कैवल्य’ या शब्दाकडे वळू. पातंजल सूत्रे सुमारे दोनशे. त्यांत आसनाला तीनच. साधनेचे ध्येय कैवल्य, म्हणजे पुरुषाचे प्रकृतीपासून वेगळे होणे. धारच्या भोजराजाने अकराव्या शतकात आपल्या टीकेच्या आरंभी यातील विरोधाभास हेरला : ज्याला योग म्हटले तो वस्तुतः वियोग आहे. आमच्या प्रवचनांतून ‘योग म्हणजे ईश्वराशी मीलन’ असे जे सरसकट सांगितले जाते, ते पतंजलीचे मत नव्हे. त्याचा ईश्वर क्लेश व कर्म यांनी अस्पृष्ट असा पुरुषविशेष आहे, पूर्वजांचाही गुरू आहे; परंतु सूत्रांत तो सृष्टिकर्ता म्हणून येत नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकविणाऱ्यास हा भेद लहान वाटू नये.

बेल्जियमचे बेनेदिक्तिन संन्यासी देशाने यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात आसने प्रार्थनेच्या पूर्वतयारीसाठी घेतली व दर्शन बाजूस ठेवले. रोमच्या १९८९ च्या पत्राने अशा पद्धतींतील उपयुक्त भाग घेण्यास मज्जाव केला नाही. मात्र शरीरास लाभणारी स्वस्थता म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, अशी गल्लत करू नये, असे बजावले. हा इशारा आम्हांस रास्त वाटतो. तरीही देशाने यांच्या मार्गाविषयी एक शंका उरतेच. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या कापून आणल्या तर त्या शिडी राहतात की नुसती लाकडे? कुवलयानंदांनी त्या कापल्या नाहीत. प्रयोगासाठी त्यांनी क्रिया वेगळी काढून तपासली खरी, पण संस्थेच्या दारावर नाव कोरले ते ध्येयाचेच.