चक्रीवादळ कुठे जाणार? मार्गाच्या चर्चेतून शेतकऱ्याने काय घ्यावे

मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम. पहिल्या हंगामात कोकणात हापूसची शेवटची काढणी आणि घाटावर पेरणीची तयारी चालू असते. दुसऱ्यात सोयाबीन आणि भात कापणीला आलेले असतात, नाशिककडे द्राक्षबागांची छाटणी झालेली असते. समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की व्हॉट्सअॅपवर रंगीत नकाशे फिरू लागतात. हवामानाची आवड असणारी मंडळी ‘ओमानला जाणार’, ‘गुजरातवर आदळणार’, ‘यंदा मुंबईच’ असे अंदाज बांधतात. यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ते समजून घ्या.

वादळाला दिशा कोण देते?

चक्रीवादळ स्वतःच्या मर्जीने फिरत नाही. नदीच्या प्रवाहात भोवरा वाहत जावा तसे ते आजूबाजूच्या मोठ्या वाऱ्यांबरोबर सरकते. अरबी द्वीपकल्पावरचा आणि भारतावरचा असे उच्च दाबाचे दोन विभाग त्याला दोन्हीकडून ढकलत असतात. अरबस्तानावरचा जोरदार असेल तर वादळाची पश्चिमेकडची वाट अडते. भारतावरचा जोरदार असेल तर ते किनाऱ्यापासून दूर जाते. त्यातच उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचा द्रोणीय पट्टा खाली उतरला, तर वादळ ईशान्येकडे वळते. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असेल तेव्हा वादळ एकाच ठिकाणी रेंगाळते. अशा वेळी कुणीही छातीठोकपणे मार्ग सांगत असेल तर सावध राहा.

२०१९ च्या जूनमधले ‘वायू’ आठवा. १२ जूनपर्यंत ते वेरावळ-दीव परिसरात धडकेल असा अंदाज होता, गुजरातमध्ये लाखो लोकांना हलवले होते. १३ जूनला ते किनाऱ्याला समांतर सरकले आणि पश्चिमेला निघून गेले. लोकांना हलवणे तरीही योग्यच होते, कारण धडकेची शक्यता खरी होती.

नकाशा कुणाचा आणि कधीचा?

फिरत आलेला नकाशा बहुतेक वेळा एखाद्या अॅपवरून घेतलेला असतो. त्यामागे अमेरिकेचे जीएफएस किंवा युरोपीय केंद्राचे मॉडेल असते. जीएफएस दिवसातून चार वेळा नव्याने चालते. म्हणजे सकाळचा नकाशा संध्याकाळी शिळा झालेला असतो, आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचतो तिसऱ्या दिवशी. शिवाय दहा-बारा दिवसांनंतरचे भयंकर वादळ दाखवणे आणि पुढच्या फेरीत ते गायब करणे, हा जीएफएसचा जुना खोडकरपणा आहे. दहा दिवसांनंतरच्या वादळाचा नकाशा पाहून मजूर बोलावू नका आणि खताची खेपही थांबवू नका.

हवामानप्रेमींची चर्चा सगळीच टाकाऊ नसते. त्यांच्यातले जाणकार एका रेषेवर बोलत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत थोडा थोडा फरक करून तेच मॉडेल अनेक वेळा चालवले जाते. अशा सगळ्या रेषा एकत्र पाहिल्या की अंदाज किती पक्का आहे ते कळते. रेषा एकमेकींजवळ असतील तर भरवसा जास्त. झाडूच्या काड्यांसारख्या फाकलेल्या असतील तर उत्तर अजून ठरलेले नाही. ‘आज रेषा फाकलेल्या आहेत, परवा पाहू’ असे सांगणाऱ्याचे ऐका.

अधिकृत अंदाज भारतीय हवामान विभागाचा. त्यांच्या नकाशात मार्गाभोवती पुढे रुंद होत जाणारा शंकू दिसतो. त्यांच्या अंदाजातली सरासरी चूक २४ तासांसाठी साधारण ८० किलोमीटर आणि ७२ तासांसाठी दीडशे किलोमीटरच्या पुढे असते. दीडशे किलोमीटर म्हणजे जवळजवळ अलिबाग ते रत्नागिरी. आणि हा शंकू फक्त वादळाचे केंद्र कुठे असू शकते ते दाखवतो. पाऊस आणि वारा त्याच्या बाहेरही पोहोचतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

रेषेपेक्षा बाजू महत्त्वाची

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आले तेव्हा सगळी चर्चा मुंबईची होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि ईशान्येकडे गेले. आपल्या गोलार्धात वादळाच्या जाण्याच्या दिशेने तोंड केले, तर उजव्या हाताला वारा सर्वांत जोरदार असतो, कारण फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग तिथे एकत्र होतात. निसर्गच्या उजव्या हाताला मुरूड, श्रीवर्धन, दापोली, मंडणगड होते. तिथल्या नारळ-सुपारीच्या पिढीजात बागा आडव्या झाल्या. सुपारीची नवी लागवड उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षे लागतात, तेव्हा त्या एका दुपारची किंमत किती ते बागायतदारालाच ठाऊक. डाव्या हाताची मुंबई त्या मानाने हलक्यात सुटली.

तेव्हा नकाशा पाहताना ‘वादळ कुठे आदळणार’ एवढेच विचारू नका, ‘माझे गाव रेषेच्या कोणत्या हाताला’ हे विचारा. एक जुनी खूणही कामाची आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचे केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असते.

वादळ किनाऱ्यावर आलेच पाहिजे असेही नाही. मे २०२१ मधले ‘तौक्ते’ दीव-उना भागात जमिनीवर चढले, पण वाटेत समुद्रात असतानाच त्याने सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या आंबा बागा झोडपल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ कोकण किनाऱ्याजवळ येऊन ओमानच्या दिशेने वळले. ‘गेले एकदाचे’ असे म्हणेपर्यंत त्या पंधरवड्याच्या पावसात राज्यातले सोयाबीन, भात आणि द्राक्षे भिजून गेली होती. पाठोपाठ ‘महा’ आले ते वेगळेच.

पेरणीचा फसवा पाऊस

जूनमधल्या वादळाचा दुसरा धोका वाऱ्याचा नाही. वादळाच्या बाहेरच्या ढगांचा एखादा चांगला पाऊस पडतो, वापसा येतो आणि लोक तिफण काढतात. पण वादळ दूर जाताना बाष्प स्वतःकडे ओढून घेते आणि मोसमी वारे रखडतात. २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ ६ जूनला अरबी समुद्रात तयार झाले आणि १५ जूनला कच्छमधल्या जखाऊजवळ धडकले. मॉन्सून ११ जूनला दक्षिण कोकणात पोहोचला होता, तो मुंबईत यायला २५ जून उजाडला. २०१९ मध्ये ‘वायू’नंतरही मुंबईची तारीख २५ जूनच होती. अशा वेळी पहिल्या सरीवर पेरले की दुबार पेरणी ठरलेली. वादळाचा मार्ग कोणताही असो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहिल्याशिवाय कोरडवाहू सोयाबीन किंवा कापूस पेरू नका.

किती आधी काय करायचे?

ज्या कामात अंदाज चुकला तरी फारसे नुकसान नाही, ते आधी करा. चर खोदणे, बांधाला वाट काढणे, केळीला आधार देणे, नारळाच्या वाळलेल्या झावळ्या आणि तयार फळे उतरवणे, कांदा चाळीचे छप्पर बांधून घेणे, ही कामे हवामान विभागाने ७२ तास आधीची पूर्वसूचना दिली की सुरू करावीत. वादळ वळले तरी ती वाया जात नाहीत.

काढणीचा निर्णय अवघड असतो. चौदा आणे तयार झालेला आंबा दोन दिवस आधी उतरवायला हरकत नाही, बारा आण्याचा मात्र घाईने काढला तर दरही जातो आणि चवही. त्यासाठी ४८ तासांच्या इशाऱ्यात तुमचा जिल्हा येतो का ते पाहा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन आणि भाताचा हिशेब वेगळा आहे. उभे पीक दोन दिवसांचा पाऊस सोसू शकते, कापून पसरलेले सोसत नाही. म्हणून पावसाचा इशारा असेल तर नवी कापणी थांबवा, कापलेला माल गंजी लावून ताडपत्रीखाली घ्या. द्राक्षबागेत फुलोऱ्याच्या सुमारास ढगाळ, दमट दिवस येणार असतील तर डाऊनी आणि घडकुजीसाठीचे आंतरप्रवाही बुरशीनाशक पाऊस येण्याआधी, पाने कोरडी असताना फवारा. सरी चालू असताना केलेली फवारणी धुऊन जाते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ अॅपवर मराठीत मिळतो, विजांचा इशारा ‘दामिनी’वर. वादळ चालू असताना हवामान विभाग दर तीन तासांनी नवे पत्रक काढतो. पत्रक वाचताना आधी वरची वेळ पाहा, मग मार्ग.