जुनी लाकडी बोट घेताय? आधी फोनचा कॅमेरा काढा, मग पैसे

रनअबाउट म्हणजे चार-सहा जणांसाठीची छोटी, वेगवान मोटरबोट. अमेरिकेत ख्रिस-क्राफ्टच्या महोगनी लाकडाच्या रनअबाउट प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे लाकडी बोटी बघायच्या तर लांब जायला नको. दादर-परळहून वरळी कोळीवाडा जवळच आहे, आणि कुलाब्याला ससून डॉक.

ऑर्डर देऊन बांधलेल्या लाकडी बोटीला मॉडेल नंबर नसतो, रेडिमेड पार्टही मिळत नाहीत. म्हणून तुम्ही काढलेले फोटो हेच तिचं मॅन्युअल.

कधी बघायची?

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा बऱ्याच बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तळ नीट दिसतो. पाण्यात उभ्या बोटीचा फक्त ताजा रंग बघून सौदा करू नका.

काय तपासायचं?

१. फोनचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून तिरका मारा. फुगवटे, भेगा लगेच उठून दिसतात.
२. लाकडावर ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत कुजलेलं असू शकतं.
३. बारीक भोकं शोधा. समुद्री किडे लाकूड आतून पोखरतात. बाहेरून छोटंसं भोकच दिसतं.
४. खिळ्यांभोवती गंजाचे डाग आहेत का पाहा.
५. तळाचा कणा आणि आतल्या फासळ्या बघा. हेच खराब असेल तर स्वस्त बोट महागात पडते.

दुरुस्ती कशी होते?

फळी काढण्याआधी तिला नंबर द्या आणि फोटो घ्या. कुजलेला भाग कापून शक्यतो त्याच जातीचं लाकूड बसवतात. फटींत कापसाची वात ठोकून वरून पुट्टी भरतात. मग प्रायमर, आणि तळाला शेवाळ-शिंपले रोखणारा खास रंग. ओल्या लाकडावर घाईने फायबर चढवू नका. ओल आत अडकते आणि कुज वाढते. इंजिनावरचा खर्च तळ पक्का झाल्यावरच.

बरेच दिवस कोरडी राहिलेली बोट पाण्यात सोडली की सुरुवातीला थोडं पाणी घेते. फळ्या फुगल्या की फटी मिटतात. तोवर कुणालाही फिरायला नेऊ नका.

कागदपत्रं

बोटीवरचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि मालकाचं नाव कागदांशी जुळवा. मासेमारी बोटींची नोंदणी आता ‘रिअलक्राफ्ट’ या सरकारी पोर्टलवर होते. पण मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे चौकशी करा, तीही पैसे देण्याआधी.

लक्षात ठेवा: किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाईलची रेंज जाते. प्रत्येकाला लाईफ जॅकेट आणि बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवाच. तटरक्षक दलाचा समुद्री बचावाचा नंबर १५५४ आत्ताच सेव्ह करा.