फॅरेडेची वही आणि आपलं यूट्यूब
मायकेल फॅरेडे लंडनमध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता. शालेय शिक्षण जेमतेम. १८१२ साली त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकली. टिपणं काढली, घरी ती आकृत्यांसह सविस्तर लिहिली, स्वतः बांधणी केली आणि डेव्हीलाच पाठवली. १८१३ मध्ये तो तिथे सहाय्यक म्हणून लागला.

आज याच संस्थेची व्याख्यानं आणि छोटे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. जरूर बघा. पण एक संपलं की लगेच दुसरं लावू नका. वही काढा. वक्त्याचा दावा काय? पुरावा कोणता? कुठला प्रश्न तसाच राहिला? संशोधनाचा विषय बऱ्याचदा त्या राहिलेल्या प्रश्नातच सापडतो.