मानसशास्त्राच्या संशोधनपद्धतींची उजळणी करताय? पुण्यातला कुंडल्यांचा प्रयोग घ्या

बारावी असो, बीए असो की सेट-नेट, मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'संशोधनपद्धती' हे प्रकरण असतंच. व्याख्या पाठ होतात. पण प्रश्नपत्रिकेत एखाद्या प्रयोगाचं वर्णन देऊन 'यातला नमुना कोणता, चल कोणते, त्रुटी काय' असं विचारलं की गाडी अडते. कारण आपण शब्द पाठ केलेले असतात, प्रयोग उलगडून पाहिलेला नसतो.

पुस्तकांतले प्रयोग बहुतेक अमेरिकेतले असतात. पण उजळणीसाठी उत्तम असा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे.

काय होता हा प्रयोग?

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि वाद पेटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००४ मध्ये न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. पण न्यायालयाचा निकाल हा अधिकाराचा निकाल असतो. कुंडलीवरून माणसाबद्दल खरंच काही सांगता येतं का, हा प्रश्न तिथेच राहिला.

तो तपासायला २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक-चिकित्सक प्रकाश घाटपांडे एकत्र आले. त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा व जन्मस्थळं मिळवून कुंडल्या मांडल्या. त्यातली १०० मुलं शाळेत हुशार ठरलेली, तर १०० बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिषाला यातल्या ४० कुंडल्या द्यायच्या आणि त्याने फक्त सांगायचं, ही कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची? निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात आले.

खगोलशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग मानसशास्त्राला कसा चालेल, असं वाटेल. पण दावा माणसाच्या बुद्धीविषयी आहे, आणि तो तपासायची रीत तुमच्या पुस्तकातलीच आहे.

'बुद्धी' मोजायची कशी?

इथे पहिला शब्द येतो, कार्यकारी व्याख्या. 'हुशार' म्हणजे काय यावर दिवसभर वाद घालता येईल. प्रयोगात तसं चालत नाही. शाळेने हुशार ठरवलेला विद्यार्थी हा एक गट, विशेष शाळेतला विद्यार्थी हा दुसरा. व्याख्या परिपूर्ण नाही, पण कोणीही ती तशीच पुन्हा वापरू शकतो. दोन्ही गट टोकाचे घेतले, हेही महत्त्वाचं. दावा खरा असेल तर तो दिसायला सर्वांत सोपी संधी इथे होती.

मग शून्य अभ्युपगम: ज्योतिषाचं उत्तर नाणेफेकीइतकंच बरोबर येईल, म्हणजे ४० पैकी सरासरी २०. पण नाणं उडवलं तरी दर वेळी नेमके २० छापे पडत नाहीत. कधी १७, कधी २३. म्हणून संशोधकांनी आधीच जाहीर केलं, की ४० पैकी किमान २८ म्हणजे ७० टक्के बरोबर आले तर दखल घ्यायची. निव्वळ अंदाजाने २८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. पुस्तकातली 'सार्थकता पातळी' ती हीच. रेषा निकालाआधी आखली होती, याला माझ्या मते सर्वांत जास्त गुण द्यायला हवेत. निकाल पाहून रेषा सरकवणं फार सोपं असतं.

कोणती कुंडली कोणाची, हे उत्तर देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही. हे डबल ब्लाइंड, दुहेरी अंध पद्धत. समोरच्याच्या चेहऱ्यावरून सुगावा लागण्याची वाटच बंद.

निकाल

५१ जणांनी सहभागाची तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वाधिक गुण २४. सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या आणि त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणेफेकच.

आता त्रुटी शोधा. इथेच परीक्षेतले गुण असतात.

५१ पैकी २४ जण गळले. उरलेले २७ हे सगळ्या ज्योतिषांचे प्रतिनिधी आहेत का? जे गळले ते जास्त सावध होते की कमी जाणकार, हे आकड्यांवरून कळत नाही. दुसरी गोष्ट बारकाईची आहे. २७ जणांची प्रत्येकी ४० म्हणजे १०८० उत्तरं, पण कुंडल्या २००च. एकच कुंडली अनेकांकडे गेली, म्हणून ही उत्तरं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत. ४६ हा आकडा ५० पेक्षा कमी आहे म्हणून 'ज्योतिषी मुद्दाम उलटं सांगतात' असा निष्कर्ष काढायला धावू नका.

आणि सर्वांत मोठा मुद्दा: हा काटेकोर अर्थाने 'प्रयोग' आहे का? खऱ्या प्रयोगात संशोधक स्वतंत्र चल स्वतः बदलतो. मुलांची बुद्धी इथे कोणी बदलली नाही, गट आधीच ठरलेले होते. म्हणून याला अंध वर्गीकरण चाचणी म्हणणं जास्त नेमकं. परीक्षेत हा फरक एका वाक्यात लिहा, तपासणाऱ्याला बरं वाटेल.

हेच बोळिंजमध्ये

नमुन्याचा मुद्दा घरच्या उदाहरणाने पक्का होतो. समजा, बोळिंजमधल्या रहिवाशांचा लोकलप्रवास त्यांची झोप खातो का, हे तुम्हाला पाहायचं आहे. सकाळी सातला विरार स्थानकात उभं राहून प्रश्नावली भरून घेतली, तर वसई-विरारमध्येच काम करणारे सुटले, घर सांभाळणारे सुटले, रात्रपाळीचे तर झोपलेले असणार. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा टाकला तर ज्यांना तक्रार आहे तेच आधी भरतील. हा स्वयंनिवडीचा दोष, त्या ५१-२७ सारखाच. आणि प्रवास जास्त तिथे झोप कमी असं आढळलं, तरी तो सहसंबंध. कमी पगार, घरात लहान मूल, दोन नोकऱ्या असं तिसरंच काही दोन्हींच्या मागे असू शकतं.

लहान मुलांची माहिती घेणार असाल तर पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात.

शब्दांचा घोळ

मराठी माध्यमातल्यांना एक जादा त्रास असतो. एका पुस्तकात 'चल', दुसऱ्यात 'परिवर्ती'. कुठे 'अभ्युपगम', कुठे 'परिकल्पना', तर कुठे थेट 'गृहीतक'. शेवटच्या शब्दापासून जरा जपून. गृहीतक म्हणजे न तपासता धरून चाललेली गोष्ट, आणि अभ्युपगम तर तपासण्यासाठीच मांडतात. तुमच्या मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या पुस्तकातला शब्द वापरा आणि उत्तरभर तोच ठेवा.

उजळणी कशी करायची?

यावरही प्रयोग झालेला आहे, आणि तो खरा प्रयोग आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा पुन्हा वाचायचा, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला ४२ वर आला आणि लिहून काढलेला ५६ वर.

दोन्ही अभ्यासरीती प्रत्येक विद्यार्थ्याने वापरल्या, पण चाचणीपर्यंतचा अवधी मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा होता. मग इथे 'एकाच गटातली' तुलना कोणती आणि 'दोन गटांमधली' कोणती? पुस्तक मिटून लिहा.