पंपावर खापर

बायपास झाल्यावर बाबा दोन महिने गप्पच झाले. टीव्हीवर मॅच लागलेली असायची आणि ते खिडकीबाहेर बघत बसायचे. रिपोर्ट चांगले, टाके सुकलेले, मग हे काय? काकांनी निदान करून टाकलं: "हृदय थांबवून मशीनवर ठेवतात ना, तेव्हा मेंदूला रक्त कमी पडतं." मलाही पटलं. ऑफिसात काही बिघडलं की आम्ही आधी शेवटचा डिप्लॉय तपासतो. इथे शेवटचा डिप्लॉय म्हणजे ते मशीन.

मग वाचत बसलो. हा संशय जवळजवळ मशीनइतकाच जुना निघाला.

६ मे १९५३, फिलाडेल्फिया. जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. त्यातली २६ मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं सगळं काम एका यंत्राने केलं. त्यामागे गिबन आणि त्यांची पत्नी मेरी यांची वीसेक वर्षांची मेहनत होती, शिवाय आयबीएमचे इंजिनिअर (हे वाचून उगाच बरं वाटलं). मुलगी वाचली.

पुढच्या दशकात अशी ऑपरेशनं रुळली आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काही रुग्ण शुद्धीवर येत, दोन-तीन दिवस ठीक असत, मग भलतंच बरळू लागत. १९६५ मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी बोट दाखवलं ते रिकव्हरी रूमकडे: सतत दिवे, यंत्रांचा एकसुरी आवाज, तुकड्यातुकड्यांची झोप.

पण पंपावरचा संशय गेला नाही. १९८२ मध्ये रुने आस्लिद यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून अल्ट्रासाउंड सोडून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजून दाखवला. पुढे हेच तंत्र ऑपरेशन थिएटरात आलं, आणि हवेचे बुडबुडे, महाधमनीतून सुटलेले कण मेंदूकडे जाताना चक्क ऐकू येऊ लागले. डॉक्टर आपसात 'पंपहेड' म्हणू लागले. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाने बायपास झालेल्या २६१ जणांचे आकडे छापले: घरी जाताना ५३ टक्क्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरे घसरलेली, सहा महिन्यांनी २४, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२. झालं, बग सापडला!

नाही सापडला. त्या अभ्यासात तुलनेला कुणी नव्हतं. जॉन्स हॉपकिन्सच्या ओला सेल्नेस, गाय मॅकखान यांनी ऑपरेशन न झालेले हृदयरुग्ण शेजारी ठेवले, तर काही वर्षांत त्यांचीही तेवढीच घसरण. नेदरलँड्समध्ये पंप न वापरता बायपास केलेल्यांतही पाच वर्षांनी फरक दिसला नाही. ज्या बीपी-शुगरने हृदयाच्या धमन्या खराब केल्या, त्यांनी मेंदूतल्या बारीक वाहिन्या सोडल्या असतील कशा?

विसरणं वेगळं आणि उदास होणं वेगळं, हे खरं. पण १९९७ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलोस यांनी उतारवयातल्या डिप्रेशनबद्दल हेच मांडलं: मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या बिघडल्या की मूड सांभाळणाऱ्या जोडण्या कमकुवत होतात. अजून ही गृहीतकच आहे. पण यात रक्तप्रवाहाचा दोष ऑपरेशनच्या चार तासांचा नाही, आधीच्या वीस वर्षांचा.

२००३ मध्ये ड्यूकच्याच जेम्स ब्लुमेन्थाल यांनी ८१७ बायपास रुग्ण पाहिले. ३८ टक्क्यांत डिप्रेशनची लक्षणं ऑपरेशनच्या आधीच होती. ज्यांची ती तीव्र होती किंवा सहा महिन्यांनीही टिकली, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त. माझं वाचन इथे अडखळलं.

पिट्सबर्गमध्ये मात्र एक साधा प्रयोग झाला, २००९ मध्ये छापलेला. बायपासनंतर उदास असलेल्यांना नर्स आठ महिने ठरावीक दिवसांनी फोन करत, गरज पडली तर औषध सुचवत. त्या रुग्णांचा मूड इतरांपेक्षा जास्त सुधारला.

त्या रात्री आईला विचारलं, बाबा नक्की कधीपासून असे आहेत? ती भांडी लावत म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून. फराळालाही हात लावला नव्हता."

ऑपरेशन जूनमध्ये झालं होतं. पुढच्या फॉलोअपला हे डॉक्टरांना सांगायचं ठरलंय. बाबा नाही म्हणाले नाहीत.