दोन बखरींमधील छत्तीसगढ

रायपूरच्या तात्यापारा या नावात दोन भाषा शेजारी नांदतात. 'तात्या' हे मराठी घरातील संबोधन. 'पारा' म्हणजे छत्तीसगढी बोलीतील मोहल्ला. हे शेजारपण मात्र स्वारीतून सुरू झाले. इ. स. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर पूर्वेकडे जाताना रतनपुरावर चालून गेला. पुत्रशोकाने खचलेला वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह प्रतिकार करू शकला नाही, अशी तेथील परंपरा आहे. पुढे बिंबाजी भोसल्यांनी 1787 मधील आपल्या मृत्यूपर्यंत रतनपुराहून कारभार केला.

या घडामोडींची स्मृती दोन ग्रंथांत उरली. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी रेसिडेंट जेन्किन्सच्या सांगण्यावरून 'नागपूरकर भोसल्यांची बखर' लिहिली. रतनपूरच्या बाबू रेवाराम यांनी एकोणिसाव्या शतकातच हैहयवंशी राजांची तवारीख हिंदीत रचली. बखरीचा नायक भोसले घराणे. तिच्या लेखी छत्तीसगढ हा जिंकलेला मुलूख. तवारिखीच्या लेखी तेच छत्तीसगढ गमावलेले राज्य. एकीत जो राज्यविस्तार, तो दुसरीत वंशाचा अस्त.

प्रतिस्पर्धी राज्यांच्या अशा वाङ्मयाचे प्राचीन उदाहरण म्हणजे चीनमधील 'चान-क्वो त्स'. युध्यमान राज्यांच्या काळातील मुत्सद्द्यांची भाषणे व मसलती इ. स. पूर्व पहिल्या शतकात ल्यू श्यांगने 33 प्रकरणांत संकलित केल्या; मांडणी राज्यवार ठेवली. त्यातील कित्येक प्रसंग कालगणनेशी जुळत नाहीत. तरीही 1973 मध्ये मावांगत्वी येथील थडग्यात रेशमावर लिहिलेली 27 प्रकरणे सापडली आणि त्यांतील काही या ग्रंथातील मजकुराशी जुळली. हे थडगे इ. स. पूर्व 168 मधील, म्हणजे ल्यू श्यांगच्याही आधीचे. संकलन उत्तरकालीन असले तरी सामग्री जुनी असू शकते, हा त्याचा बोध.

बखरींनाही हाच न्याय लावावयास हवा. आकडे आणि तिथ्या कागदपत्रांशी ताडून घ्याव्यात. संवाद शब्दशः खरे मानू नयेत. परंतु त्या संवादांत कोणत्या युक्तिवादाने सत्तेचे समर्थन केले जाई, हे विश्वसनीयपणे उमटते. ल्यू श्यांगने परस्परविरोधी राज्यांचे शब्द एकाच ग्रंथात आणले. भोसल्यांची बखर आणि रतनपूरची तवारीख यांना तसा संकलक अद्याप लाभावयाचा आहे. ज्या वस्तीच्या नावातच दोन भाषा एकत्र आल्या, तेथील वाचकाने तरी जेत्याचीच बखर वाचून थांबू नये.